हॉटेलच्या लेखा विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

बी.कॉम.ची पदवी हाती आली की अभ्यास संपला, अशा समजुतीने दरवर्षी अनेक मुले-मुली गोव्यातील हॉटेलांच्या लेखा विभागांत रुजू होतात. फोंड्याहून कदंबच्या बसने पणजीला ये-जा करत मी याच क्षेत्रात वाढलो. बदललेला नियम इतरांआधी वाचून समजून घेणाऱ्याला येथे ज्येष्ठतेपेक्षाही लवकर बढती मिळते, असे माझे मत झाले आहे. कंपनी प्रशिक्षण देते, परंतु ते बहुधा आजच्या कामापुरते असते. वरच्या पदासाठी लागणारे ज्ञान ज्याचे त्यानेच मिळवायचे असते.

खोलीभाड्याचेच पाहा. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि राज्याचा व्हॅट व लक्झरी टॅक्स कोळून प्यायलेल्यांनाही पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. नवखा मनुष्य सॉफ्टवेअरमधील दर बदलून मोकळा होतो. परंतु या 5 टक्क्यांसोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, मिळत नाही, आणि आपल्याकडे तीच खोली ऑगस्टमध्ये साडेचार हजारांना, तर नाताळात नऊ हजारांना जाते, म्हणजे तिच्यावर कधी क्रेडिट मिळते, कधी नाही. त्यामुळे लाँड्रीसारख्या सामाईक खर्चावरील क्रेडिट उलाढालीच्या प्रमाणात विभागून उरलेला भाग सोडून द्यावा लागतो. हे गणित ज्याला मांडता येते, त्याला व्यवस्थापक स्वतःहून बोलावून घेतात.

याहून नाजूक गोष्ट रेस्टॉरंटची आहे. तिचा कर ठरवताना 1 एप्रिल 2025 पासून खोलीचा फलकावरील दर नव्हे, तर पाहुण्याकडून प्रत्यक्ष आकारलेली रक्कम विचारात घेतली जाते. मागील आर्थिक वर्षात एक जरी खोली दिवसाला 7,500 रुपयांपेक्षा अधिक दराने गेली असेल, तर त्या वास्तूतील रेस्टॉरंटला यंदा इनपुट क्रेडिटसह 18 टक्के कर लागू होतो. म्हणजे एकतीस डिसेंबरच्या एका रात्रीचा चढा दर पुढील वर्षभराच्या जेवणाच्या बिलांवर परिणाम करू शकतो. हे सीझनचे दर ठरण्यापूर्वी सांगणारा लेखनिक आणि नंतर ऑडिटरकडून ऐकणारा लेखनिक, यांच्या नोकऱ्यांची वाट पुढे वेगळी होते.

अभ्यासाची माझी पद्धत साधी आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश केवळ चाहूल लागण्यापुरता वाचावा. मूळ अधिसूचना सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या, संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती जुन्या अधिसूचनेशेजारी ठेवून काय बदलले, कोणत्या तारखेपासून आणि आपल्या हॉटेलच्या कोणत्या बिलावर, एवढे स्वतःच्या मराठीत एका पानावर लिहावे. जे लिहिता येत नाही, ते समजलेले नसते, याचा प्रत्यय लगेच येतो. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या हॉटेलांत 11 आणि 20 तारखा डोक्यावर असतात, तेव्हा हे होणार नाही. 20 तारीख उलटल्यावर बसावे. पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, तेव्हा मोठा विषय हाती घ्यावा. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. घरी निवांतपणा नसेल तर पणजीत पाट्टोवरील कृष्णदास शामा ग्रंथालयात बसावे. प्रमाणपत्रांचा ढीग मात्र करू नये. मुलाखत घेणारा दुसऱ्याच प्रश्नात पाणी जोखतो.

प्राप्तिकराकडेही पाठ फिरवू नये. 1961 च्या कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या कायद्याने घेतली असल्याने कलमांचे जुने क्रमांक पाठ असणारे आणि नवखे जवळपास एकाच रांगेत आले आहेत. नव्यांना अशी संधी वारंवार मिळत नाही.

ऑडिटर आले की चहापाणी आणि फायली काढून देणे, ही कामे हमखास नव्यांच्या वाट्याला येतात. ती जरूर करावीत. मात्र एक दिवस त्यांच्या शेजारी बसण्याची परवानगी मुख्य लेखापालांकडे मागून घ्यावी, आणि ते जे जे प्रश्न विचारतील ते उत्तरांसह टिपून ठेवावेत.