आई-बाबांना मुंबईच्या सहार विमानतळावरून परदेशी पाठवताय? ही घ्या तयारीची यादी

सगळ्यात आधी तिकिटावरची तारीख आणि वेळ बघा, आणि ती एकट्याने मोबाईलवर बघू नका, आई-बाबांच्या शेजारी बसून कालनिर्णयवर पेनाने गोल करा. मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:५० असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला, आणि पुण्या-नाशिकहून येणार असाल तर १४ च्या दुपारीच. हा एक दिवसाचा घोळ फार लोकांचा होतो. जे लोक आयुष्यभर सकाळी उजाडलं की दिवस सुरू झाला असं धरून चाललेत त्यांना '१५ चं विमान' म्हटलं की १५ चीच रात्र डोळ्यासमोर येते, त्यात त्यांचं काही चुकत नाही, आपण नीट सांगायला हवं.

मग एअरपोर्ट कुठला ते बघा. आता हा प्रश्न खरंच विचारावा लागतो, कारण २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय, तिकिटावर एनएमआय असेल तर तो उलव्याला, पनवेलजवळ, आणि बीओएम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ. त्यात परत टर्मिनल १ म्हणजे सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूचं डोमेस्टिकचं आणि टर्मिनल २ म्हणजे अंधेरी पूर्वेला सहारचं, इंटरनॅशनल सगळं इथून. ड्रायव्हरला नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका, 'सहार, टी टू, डिपार्चर' असं सांगा.

आता कागदं. माझं ठाम मत आहे की ज्येष्ठ माणसांचा प्रवास मोबाईलमध्ये ठेवायचा नाही. मोबाईलची बॅटरी उतरते, नेट जातं, पीडीएफ सापडत नाही, आणि मागे रांग असली की माणूस घाबरतो. तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, सगळ्याच्या प्रिंट काढा, एका पारदर्शक फोल्डरमध्ये ज्या क्रमाने दाखवायच्या त्याच क्रमाने लावा, आणि सगळ्यात वर एक कागद मराठीत, मोठ्या अक्षरात: विमान नंबर, किती वाजता, मध्ये कुठे उतरायचं, तिथे किती तास, आणि खाली ते तिकडे राहणार तो पत्ता आणि दोन फोन नंबर इंग्रजीत, कारण तो भाग तिकडच्या ऑफिसरला दाखवायचाय. दोघं जात असतील तर दोन फोल्डर करा, आईचा आईकडे बाबांचा बाबांकडे. सगळं बाबांच्या बॅगेत आणि बाबा वॉशरूमला गेलेत, अशी वेळ आणू नका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपासून सहा महिने तरी पुढची हवी, बरेच देश ते बघतात. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळतंय का ते अक्षर न अक्षर ताडून बघा, आपल्याकडे बायकांच्या बाबतीत हे फार होतं, पासपोर्ट माहेरच्या आडनावावर आणि मुलाने तिकीट काढलं सासरच्या नावावर. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव असतं हे खरं, पण काउंटरवर नाव बघतात ते पहिल्या पानावरचं. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल आणि मध्ये पासपोर्ट नवा झाला असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत, जुना कपाटात ठेवून चालणार नाही, व्हिसा त्यातच आहे.

आणि हो, दरवर्षी ये-जा असेल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचं रजिस्ट्रेशन करून टाका, सरकारचंच आहे, फुकट आहे, २०२५ च्या जानेवारीपासून मुंबईला पण सुरू आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, एकदा बोटांचे ठसे नि फोटो द्यायचा, की मग ई-गेटमधून जाता येतं, लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं किती मोल आहे ते त्यांनाच विचारा. डिजियात्राचं ॲप (चेहरा दाखवून आत जायचं) मात्र डोमेस्टिकसाठी आहे, त्याच्या भरवशावर इथे राहू नका, गेटवर सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीटच बघतो.

व्हीलचेअर. यावर घरोघरी वाद होतात कारण बाबांना ते कमीपणाचं वाटतं. त्यांना सांगा की यात लाजण्यासारखं काही नाही, टी टू प्रचंड मोठं आहे, चेक-इनपासून गेटपर्यंत चालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात, शिवाय मध्ये रांगा. व्हीलचेअर घेतली की बरोबर एक माणूस येतो जो चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळं करून गेटपर्यंत सोडतो, आणि मधल्या एअरपोर्टवर दुसरा माणूस घ्यायला येतो, म्हणजे गेट शोधणं, बोर्ड वाचणं, इंग्रजीत विचारणं हा सगळा ताणच जातो. तिकीट काढतानाच एअरलाइनकडे नोंदवा, नाहीतर निदान ४८ तास आधी फोन करून, आणि मधल्या विमानासाठीही नोंद झालीय का ते विचारून घ्या.

बॅगा. अमेरिकेला बहुतेक एअरलाइन्स माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात पण तिकिटानुसार बदलतं, तेव्हा तिकिटावर लिहिलंय तेच खरं. घरी वजन करा, लटकवायचा छोटा काटा मिळतो तो घ्या, आणि २३ ला २२ वर थांबा. ३२ किलोच्या वरची एक बॅग तर जादा पैसे भरूनही घेत नाहीत. टर्मिनलमध्ये जमिनीवर बॅग उघडून आईचे लाडू इकडून तिकडे करायची वेळ आपल्या माणसांवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खाण्याचं सविस्तर सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या, चेक-इन बॅगेत (काउंटरवर द्यायच्या) चालत नाहीत. त्यात तेल जास्त असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे, स्कॅनरवर दिसलं की बॅग बाजूला काढतात. तेव्हा खोबरं न्यायचंच नाही, तिकडे इंडियन स्टोअरला मिळतं. दुसरी खसखस. दुबई-अबुधाबीला जाणार असाल तर खसखशीचा एक दाणाही नको, युएईत तिच्यावर बंदी आहे आणि ते प्रकरण नशेच्या पदार्थांच्या कायद्यात जातं. आपल्याला खसखस म्हटलं की फक्त पुडी आठवते, पण दिवाळीचे अनारसे आठवा, वरून काय लावतो? घरचा मसाला, कडबोळ्यांची भाजणी, डिंकाचे लाडू, सगळ्यात काय काय पडलंय ते आईला विचारा आणि मग भरा.

लोणचं, तूप, चटणीचं ओलं वाटण हे केबिन बॅगेत (विमानात जवळ ठेवायच्या) नाही, चेक-इनमध्ये, बरणी दोन पिशव्यांत बांधून आणि मधे टॉवेल. केबिनमध्ये पातळ पदार्थाची बाटली १०० मिलीपर्यंतच, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. अमेरिकेत ताजी फळं, रोपं, बिया, मटण-चिकनचं काही नेऊ नका, हापूस तर नाहीच, कितीही जीव तुटला तरी. बाकी जे खायचं नेलंय ते विचारल्यावर सरळ सांगायचं, 'होम फूड, स्नॅक्स', लपवलं की दंड, सांगितलं तर फार तर काढून घेतील. आई-बाबांना हे दोनदा सांगा, कारण भीतीपोटी माणूस 'काही नाही' म्हणून जातो.

औषधं केबिनमध्येच, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि चार-पाच दिवसांची जास्तीची. गोळ्या डब्यात सुट्या करून भरायची सवय असते ती या प्रवासापुरती बाजूला ठेवा. पॉवर बँक पण केबिनमध्येच, चेक-इनमध्ये अजिबात नाही, १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी चालते, म्हणजे साधी २०,००० एमएएचची बसते, फक्त बऱ्याच एअरलाइन्स आता विमानात ती वापरू देत नाहीत, म्हणून फोन आधीच फुल करा. काडेपेटी-लायटर घरी, देवपूजेच्या सामानात नकळत जाते, बघा.

सोनं. पाटल्या, तोडे घालून जाणार असतील तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, म्हणजे परत येताना 'हे तिकडून आणलं' असं कुणी म्हणणार नाही. पावत्या न्या, वेळ जास्त ठेवा. त्यापेक्षा सरळ मंगळसूत्र आणि दोन बांगड्यांवर जावं असं माझं मत. डॉलर बँकेतून आधी घ्या, एअरपोर्टवरचा दर महाग पडतो, नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, एवढे कुणाला लागतही नाहीत, दोन-तीनशे पुरतात.

सहारला पोचायचं कसं. पुण्याहून विमानाच्या सात-आठ तास आधी निघा, रविवारी संध्याकाळी आणि पावसाळ्यात त्याहून आधी, घाटात अडकलात की काही इलाज नसतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून सहार एलिव्हेटेड रोड थेट टर्मिनलला नेतो. मुंबईतल्यांसाठी मेट्रो ३ चं स्टेशन टी टूलाच आहे, कफ परेडपासून थेट, आणि ठाणे-कल्याणवाल्यांना घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून एकच स्टेशन. पण चार मोठ्या बॅगा आणि मध्यरात्रीचं विमान असेल तर टॅक्सीच बरी, मेट्रो रात्री साडेदहा-अकरापर्यंत आटोपते. विमानाच्या चार तास आधी दारात असा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही एअरलाइन्स त्याच्याही आधी करतात, आणि मग कुणी कितीही हात जोडले तरी उघडत नाही.

सोडायला येणाऱ्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा पाया पडणं, फोटो, डोळे पुसणं सगळं दाराबाहेर, आणि त्याला वेळ धरा, ते घाईत उरकायचं नसतं. ट्रॉली फुकट आहे. आत चेक-इन, मग इमिग्रेशन, मग सिक्युरिटी, हा क्रम वरच्या कागदावर लिहून द्या. बोर्डिंग पास हातात आले की दोघांचे आणि दोन्ही विमानांचे मिळालेत का ते मोजायचं, आणि बॅगा शेवटपर्यंत जाणार आहेत का हे काउंटरवर विचारायचं. ट्रेमध्ये लॅपटॉप, पॉवर बँक, फोन, पट्टा वेगळे ठेवायचे. सगळं पार पडलं आणि वेळ उरला तर भिंतींवर 'जय हे' म्हणून जे कलादालन आहे ते नक्की बघायला सांगा, देशभरातल्या लाकडी कोरीव कामापासून मुखवट्यांपर्यंत खूप काही आहे आणि लोक घाईत बघतही नाहीत. फक्त आधी गेट कुठे आहे ते बघून यायचं, गेट आयत्या वेळी बदलतं म्हणून बोर्डावर परत नजर टाकायची.

अमेरिकेला जाताना एक गोष्ट वेगळी: तिथे ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या, टॅगवर शेवटचं शहर लिहिलेलं असलं तरी. अबुधाबीमार्गे गेलात तर मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतं, म्हणून तिथे मधला वेळ जास्त असलेलंच तिकीट घ्या. ऑफिसर विचारतो ते साधं असतं, कुणाकडे आलात, किती दिवस, परतीचं तिकीट कधीचं, याची उत्तरं घरी एकदा बोलून घ्या, हिंदीत सांगितलं तरी चालतं, दुभाषा मिळतो, हे कळलं की निम्मी भीती जाते. रोमिंग पॅक इथूनच चालू करून द्या, आणि न्यायला येणारा माणूस कुठल्या दाराशी, कुठल्या रंगाच्या जॅकेटमध्ये उभा असेल ते त्याच कागदावर शेवटच्या ओळीत लिहा.