पिनकोडचे मूळ अवयव कसे पाडावेत? नंदुरबारचा ४२५४१२ घेऊन पाहू

सहा अंकी संख्या उलगडायला कॅल्क्युलेटर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. उदाहरणाला नंदुरबारचा पिनकोड घेऊ: ४२५४१२.

आधी नेहमीच्या कसोट्या. शेवटच्या १२ ला ४ ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येलाही जातो. अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ नेही जाणार. पण एकदम ३६ ने भागू नका. आधी ४ ने, मग ९ ने भागा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ३ आणि ४ असे अवयव पाडले, तीच ही युक्ती. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. असो, भागाकार येतो ११८१७.

आता ७, ११ आणि १३. तिन्हींचा गुणाकार १००१, त्यामुळे तिघांची कसोटी एकाच वजाबाकीत होते. मूळ संख्येचे तीन-तीन अंकांचे गट करा: ४२५ आणि ४१२. फरक १३. त्याला ७ ने किंवा ११ ने भाग जात नाही, १३ ने जातो, संख्येचेही तसेच. ११८१७ ला १३ ने भागले की ९०९ उरतात, म्हणजे ९ × १०१.

हा १०१ मला या संख्येतला सर्वांत देखणा अवयव वाटतो. दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा: ४२, ५४, १२. कडेच्या दोघांची बेरीज नेमकी मधल्याइतकी! १०० हे १०१ पेक्षा १ ने कमी, तर १०००० हे १०१ च्या ९९ पटीपेक्षा १ ने जास्त. म्हणून १०१ ने भागल्यावर बाकी ४२ − ५४ + १२, म्हणजे शून्य. जोड्यांवर आधीच नजर गेली, तर पहिल्याच भागाकारात ४२१२ हाती येतात आणि पुढचे काम तोंडी होते.

१०१ ला २, ३, ५, ७ ने भाग जात नाही आणि ११ चा वर्ग त्याहून मोठा. तेव्हा ती मूळ संख्याच. एकूण:

४२५४१२ = २² × ३⁴ × १३ × १०१

विभाजक किती, हे मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा, कारण २ हा अवयव शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो, असे तीन पर्याय, बाकीच्यांचेही तसेच. ३ × ५ × २ × २ = ६०.

सरावाला भुसावळचा ४२५२०१ घ्या. गटांचा फरक २२४, त्याला ७ ने भाग जातो. शेवटी ७ × १९ × २३ × १३९ आले पाहिजेत आणि विभाजक १६.