काट्याचं की आकड्यांचं? पहिलं मीटर घेताना

आयटीआयला असताना पहिलं मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट, ओहम मोजायचं मीटर, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलं. काट्याचं, स्वस्तातलं. घरी येऊन 9 व्होल्टच्या बॅटरीवर 100 किलोओहमचे दोन रेझिस्टर (करंटला अडवणारे भाग) एकापुढे एक जोडले. मधे 4.5 व्होल्ट यायला हवेत, पण काटा सव्वाच्या जरा पुढे जाऊन थांबला. रेझिस्टर बदलले, बॅटरी बदलली, काटा तिथंच.

भुसावळला रेडिओ दुरुस्त करणारे एक आबा होते. त्यांनी माझ्या सर्किटकडे बघितलंच नाही. तबकडीच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं दाखवलं: 2 किलोओहम प्रति व्होल्ट. म्हणजे 10 व्होल्टच्या रेंजवर ते मीटर म्हणजे 20 किलोओहमचा रेझिस्टरच, आणि तो मी खालच्या 100 किलोला समांतर लावून बसलो होतो. वहीत हिशेब मांडला, उत्तर 1.29. मीटर बरोबर होतं, ते लावल्यावर सर्किटच दुसरं झालं होतं.

त्याच जागी 20 किलोओहम प्रति व्होल्टचं काट्याचं मीटर 3.6 दाखवेल. चांगल्या डिजिटलचा, म्हणजे आकड्यांच्या मीटरचा, इनपुट (त्याचा स्वतःचा रोध) बहुधा 10 मेगाओहम असतो, ते 4.48 सांगेल. स्वस्तातल्या 1 मेगाओहमवाल्यावरही 4.29 येतात, शिकायला तेवढं पुष्कळ. म्हणून पैसे एकाच मीटरचे असतील तर डिजिटल घ्या. कंटिन्युइटीचा बझर (वायर सलग असली की वाजतो तो) तेवढा हवाच, निम्मं काम त्यावर होतं.

तरी माझं काट्याचं मीटर मी विकलं नाही. व्हॉल्यूमचं बटण खरखरतंय का, हे ओहमवर लावून हळूहळू फिरवलं की काट्याच्या उडीवरून लगेच कळतं. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात. मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आधी डिस्चार्ज करून लावला तर काटा झेप घेऊन सावकाश परत येतो, ते बघायला मला अजून आवडतं. फक्त एक ध्यानात ठेवा: बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर काळी वायर प्लस असते. डायोड (एकाच दिशेनं करंट जाऊ देणारा भाग) उलटा वाटला तर आधी हे आठवा.

शेतात तर गंमतच झाली. मोटरची एक वायर दोन्हीकडून सोडवलेली, तरी डिजिटल तिच्यावर साठ-सत्तर व्होल्ट दाखवायचं. शेजारच्या चालू वायरीतून ते नुसतं भासापुरतं येत होतं. काट्याच्या मीटरचा भार पडला आणि शून्य. पण 230 व्होल्टला हात घालायचा असेल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या, आणि लाल वायर 10 ॲम्पियरच्या भोकात राहिली नाही ना, ते दोनदा बघा. स्वस्त मीटरात त्या वाटेवर बऱ्याचदा फ्यूजच नसतो.

आणि डिजिटलच्या आतली 9 व्होल्टची बॅटरी वेळेवर बदला. ती उतरली की साधं मीटर खरं आहे त्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतं. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात मी एक धडधाकट चार्जर दुपारभर उघडून बसलो होतो, तो याच पायी.