गाडीचा बाहेरचा बेल्ट घरी बदलताना

इंजिनाच्या तोंडाशी उघडा फिरणारा आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र), एसीचा कॉम्प्रेसर व काही गाड्यांत पाण्याचा पंपही चालवणारा बेल्ट घरी बदलता येतो. झाकणाआडच्या, इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या टायमिंग बेल्टला मात्र हात लावू नये. ते काम निराळे आहे.

नवा बेल्ट घेताना जुन्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा. ६पीके१०७० म्हणजे सहा रिबांचा (आतल्या बाजूच्या लांबट उंचवट्यांचा), १०७० मिलिमीटर लांबीचा बेल्ट. क्रमांक पुसला गेला असल्यास गाडीच्या मॉडेलवरून शोधावा. वापरून ताणलेला बेल्ट मोजून नवा घेऊ नये.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, कारण काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. बेल्ट कोणत्या पुलीच्या (तो ज्यावर फिरतो त्या चाकाच्या) वरून आणि कोणत्या पुलीच्या खालून जातो, याचा फोटो काढून ठेवावा. नंतर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा भाग) लांब दांड्याच्या पान्याने फिरवून बेल्ट सैल करावा, एका पुलीवरून उतरवावा आणि टेन्शनर हळूहळू मूळ जागी येऊ द्यावा; तो एकदम सोडल्यास बोटे चेमटतात. टेन्शनरच नसलेले, स्वतःच्या लवचिकतेवर बसणारे बेल्ट काही गाड्यांत असतात. ते खास अवजाराशिवाय चढवू नयेत.

बेल्ट निघाल्यावर घाई करू नये, कारण पुल्या तपासण्याची खरी संधी हीच असते. प्रत्येक पुली हाताने फिरवून व हलवून पाहावी. घरघर, खरखर किंवा डुगडुग जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि ते तसेच ठेवल्यास नवा बेल्टही टिकणार नाही. तेलाचा किंवा कूलंटचा ओघळ दिसल्यास आधी गळती थांबवावी. हल्लीच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या बेल्टला भेगा पडतीलच असे नाही. तो रिबांमधल्या खाचांत झिजतो, त्यामुळे वरून धडधाकट दिसणाऱ्या बेल्टवर भिस्त ठेवू नये.

नवा बेल्ट फोटोप्रमाणे गुंडाळून शेवटी सहज पोहोचता येईल अशा पुलीवर चढवावा. स्क्रूड्रायव्हरने रेटल्यास आतले धागे तुटतात. टॉर्च धरून, विशेषतः सर्वांत खालच्या क्रँक पुलीपाशी, प्रत्येक रिब आपल्या खाचेत बसली आहे का ते पाहावे. एक रिब जरी बाहेर राहिली तरी बेल्टची कड लवकर उसवते.

जुन्या धर्तीच्या, पाचरीसारख्या आकाराच्या व्ही बेल्टचा ताण अल्टरनेटर सरकवून द्यावा लागतो. तो गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, कारण जास्त ताणाने बेअरिंग खराब होते आणि कमी ताणाने बेल्ट घसरून किंचाळतो. शेवटी वायर जोडून, सैल कपडे आवरून इंजिन सुरू करावे आणि बॅटरीचा दिवा विझतो का ते पाहावे. व्ही बेल्ट थोड्या धावेनंतर सैलावतो, म्हणून त्याचा ताण पुन्हा एकदा तपासावा.