कर्नल कोसळतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) क्रॅश झाला की कॉल ट्रेसमधल्या, म्हणजे क्रॅशपर्यंत कुठलं फंक्शन कुणी बोलावलं त्या यादीतल्या, फंक्शनवर लगेच तुटून पडू नका. बऱ्याचदा मेमरी आधीच दुसऱ्या कुठल्यातरी ड्रायव्हरने बिघडवलेली असते. ट्रेसवरच विसंबलात तर चोर सोडून संन्याशाला फाशी.

बूट ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, ‘स्लब_डीबग=एफझेडपीयू’ द्या, अर्थात रोमन लिपीत आणि शेवटची चार अक्षरं कॅपिटल. मग पुढच्या क्रॅशच्या अहवालातली रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यांतली मूल्यं) नीट वाचा. ‘६बी ६बी ६बी’ अशी रांग दिसली, तर सोडून दिलेली मेमरी कुणीतरी अजून वापरतंय. रेड झोनमधले, म्हणजे मेमरीच्या तुकड्यालगतच्या राखीव पट्टीतले, ‘सीसी’ बाइट बदललेत? मग लिखाण हद्दीबाहेर गेलंय. ‘यू’मुळे तो तुकडा कुणी घेतला, कुणी सोडला, याची नोंद राहते; खरा माग तिथेच लागतो.

तरी हाती लागेना तर केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलमधलीच सोय) चालू करून कर्नल पुन्हा कंपाइल करा. चुकीचा वापर तो त्याच क्षणी पकडतो, पण मेमरीचा आठवा हिस्सा घेतो: ४ जीबीत सुमारे ५१२ एमबी.

दर वेळी ट्रेस वेगळा आणि एकच बिट उलटलेला असेल, तर संशय रॅमवर घ्या. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवा. सांगलीत विश्रामबागेतल्या लॅबमध्ये लावणार असाल तर मशीन यूपीएसवर ठेवा. मध्येच लाईट गेली की चाचणी पहिल्यापासून.