ब्रँड एका कंपनीत, कारखाना दुसऱ्या कंपनीत

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कारखाना कर्जात बुडाला की ट्रेडमार्कही जातो, कारण बहुतेकदा दोन्ही एकाच नावावर असतात. उपाय असा: ब्रँड, डिझाइन, पेटंट होल्डिंग कंपनीकडे, म्हणजे फक्त मालकी सांभाळणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे ठेवायचं आणि कारखान्याने तिच्याकडून परवाना घ्यायचा. मात्र ऑडिट दोन, रिटर्न दोन. एकच दुकान असेल तर या भानगडीत पडू नका.

नवा ब्रँड असेल तर टीएम-ए (ट्रेडमार्क नोंदणीचा) अर्ज थेट होल्डिंगच्या नावे भरा. बेळगावचा अर्ज चेन्नईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे जातो, मुंबईकडे नाही. ऑनलाइन फी मालाच्या प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला 4,500. मिठाईला वर्ग 30, पंपांना 7. ‘कुंदा’ हा मिठाईचा शब्द एकट्या कुणाला मिळत नाही, त्याआधीचं तुमचं नाव मिळतं. कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं आहे, म्हणून देवनागरीसोबत कन्नड लिपीतलं नावही नोंदवा. त्या अर्जात लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो.

जुना ट्रेडमार्क वडिलांच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर आधी हस्तांतरणाचा करार, मग टीएम-पी, म्हणजे मालक बदलल्याची नोंद करायचा अर्ज. करारात ‘गुडविलसह’ (धंद्याच्या नावलौकिकासह) स्पष्ट लिहा. गुडविल वगळलं तर सहा महिन्यांत रजिस्ट्रारकडे जाऊन जाहिरातीचे निर्देश घ्यावे लागतात.

परवाना तोंडी ठेवू नका. माल कोणत्या दर्जाचा, तो कोण तपासणार, रॉयल्टी किती, परवाना कधी रद्द होईल, हे सगळं लिहा. करारानंतर सहा महिन्यांत टीएम-यू अर्ज भरून कारखान्याला नोंदणीकृत वापरकर्ता करा. होल्डिंग स्वतः काही विकत नाही, त्यामुळे ‘वापर नाही’ म्हणून नोंदणी रद्द करायचा अर्ज आला तर हाच कागद उपयोगी पडतो.

विक्री 1 कोटी आणि रॉयल्टी 2 टक्के धरली तर 2 लाख; त्यातून कारखाना 10 टक्के टीडीएस कापतो. होल्डिंगची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढे रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि कारखाना कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत) असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, तो निव्वळ खर्च. नोंदणी असताना आपल्याच कंपनीला परवाना फुकट दिला तरी जीएसटी चुकत नाही.

हस्तांतर धंदा धडधाकट असतानाच करा. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांत नात्यातल्या कंपनीला कमी किमतीत दिलेली मालमत्ता परत खेचता येते, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल घ्या. आणि बँकेच्या कागदांवर होल्डिंगची हमी मागितली आहे का, ते सही करण्याआधी वाचा. ती दिली की कारखान्याचं कर्ज थेट ब्रँडवर येतं.