खिडक्यांच्या काचा पुसायला घेण्याआधी

काच पुसून झाली, पाणी वाळलं आणि ऊन पडताच पांढुरक्या रेघा दिसायला लागल्या, की आपण पुन्हा पाणी मारतो आणि पुन्हा पुसतो. दुसऱ्यांदाही तेच होतं. त्या रेघा बहुतेक वेळा आपणच केलेल्या असतात: जास्तीचा साबण, पाण्यातले क्षार आणि फडक्यातून आलेला चिकटपणा काचेवर वाळतो. म्हणून बादली भरण्याआधीच अर्धं काम उरकायचं असतं.

आधी वेळ ठरवा. तापलेल्या काचेवरचं पाणी हात फिरायच्या आत वाळतं आणि त्यात जे काही असेल ते तिथेच चिकटतं. सकाळी ऊन येणारी खिडकी दुपारनंतर घ्या, संध्याकाळच्या उन्हाची सकाळी. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच.

फडकी आदल्या दिवशीच काढून ठेवा. मायक्रोफायबरची निदान तीन हवीत: एक ओलं, एक कोरडं आणि एक फक्त कडा-कोपऱ्यांसाठी. ती धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर टाकू नका. त्याचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि पुसताना काचेवर उतरतो. जुन्या टॉवेलचे तुकडे नकोत, त्यांची लव सुटते. वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच चकचकीत होते हे खरं, पण शाई हाताला आणि पांढऱ्या चौकटीला लागते. मला फडकंच बरं वाटतं.

मग वायपर. त्याच्या रबराच्या धारेवरून नख हलकेच फिरवा. कुठे अडकलं, तर तिथे बारीकशी खाच पडलेली आहे. ती खाच डोळ्यांना जेमतेम दिसते, पण काचेवर वरपासून खालपर्यंत केसासारखी पाण्याची रेघ सोडत जाते आणि कितीही जोर लावला तरी ती जात नाही. बऱ्याच वायपरची रबरपट्टी निघते; ती उलटून बसवली की दुसरी धार वापरता येते. दोन्ही खराब असतील तर नवीन पट्टी आणा.

पाच लिटर कोमट पाण्याला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. भरपूर फेस झाला तर समजा साबण जास्त झाला, पाणी ओतून टाका आणि नव्याने करा. नळाचं पाणी जड असेल, म्हणजे बादलीच्या आत पांढरा थर धरत असेल, तर शेवटचा हात तरी आरओच्या शुद्ध पाण्याने फिरवा. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र काचेला मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

क्षाराचे ठिपके आधीपासून असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, त्यात फडकं भिजवून डागावर दहा मिनिटं धरा. खिडकीखालचा कट्टा संगमरवरी असेल तर त्यावर जाडसर कापड अंथरा, आम्लाने दगडाची चमक जाते. आणि व्हिनेगर असो की अमोनियाचं क्लीनर, ब्लीचजवळ दोन्ही आणायची नाहीत. त्यातून विषारी वायू तयार होतात. काचेला सनफिल्म लावलेली असेल तर अमोनिया आणि ब्लेड दोन्ही दूर ठेवा.

आता कोरडं काम, आणि इथे घाई करू नका. जाळ्या काढून बाजूला उभ्या करा. सरकत्या खिडकीच्या खाचेत माती, केस, मेलेले किडे साठलेले असतात. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला की चिखल होतो आणि तोच फडक्याबरोबर काचेवर चढतो. जुन्या पेंटब्रशने खाच झाडा, कोपरे टूथब्रशने उकरा, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या. खाचेत बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात, तीही काडीने मोकळी करा. चौकटीची वरची कड विसरू नका, सगळ्यात जाड धूळ तिथेच असते. ती ओली झाली की ओघळ पुसलेल्या काचेवर येतो.

बाहेरच्या बाजूसाठी लांब दांड्याचा वायपर घ्या. खिडकीच्या कट्ट्यावर चढू नका, अंग बाहेर झुकवू नका. हात पोहोचत नसेल तर तेवढी काच तशीच राहू द्या.

शेवटी मांडणी. बादली उजव्या किंवा डाव्या हाताला, खाली जुनं कापड, कोरडं फडकं खांद्यावर. ते खांद्यावरच हवं, कारण वायपरचा प्रत्येक हात झाला की रबर पुसावं लागतं. काचेच्या वरच्या कडेला दोन बोटं रुंद पट्टी आधी कोरडी करा आणि वायपर तिथून खाली आणा, प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडा चढवून. फडक्याने शेवटचा हात आतून उभा, बाहेरून आडवा फिरवा; रेघ राहिलीच तर ती कोणत्या बाजूची आहे हे लगेच कळतं. अंधार पडल्यावर टॉर्च काचेला तिरपा धरून एकदा बघा. जाळ्या पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.